मुंबई ते लंडन विमानाने: अंतर आणि वेळ स्वतः कसे काढायचे

मुंबई ते लंडन विमानाला किती वेळ लागतो, असं विचारलं की कोणी साडेआठ तास सांगतं, कोणी दहा, कोणी चौदा. यातलं एकही उत्तर खोटं नाही. एकाने येतानाचा वेळ सांगितलेला असतो, दुसऱ्याने जातानाचा आणि तिसऱ्याने दुबईत बदलून गेल्याचा. शिवाय तिकिटावरचं घड्याळ पाहून कोणी जानेवारीत "रात्री दोनला निघालो, सकाळी सव्वासहाला पोचलो, म्हणजे सव्वाचार तास" असंही म्हणतं. गोंधळ टाळायचा तर चार गोष्टी वेगवेगळ्या काढाव्या लागतात: सरळ अंतर, विमान खरोखर कापतं ते अंतर, गेटपासून गेटपर्यंतचा विमानाचा वेळ आणि दोन शहरांच्या घड्याळांतला फरक. मुंबई–लंडन हे उदाहरण धरून चारही इथे काढले आहेत. रीत कळली की कोणत्याही दोन शहरांना ती लावता येते.

सरळ अंतर

पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधली सर्वात जवळची वाट म्हणजे तिच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या मोठ्या वर्तुळाचा तुकडा. शाळेतला पृथ्वीगोल घरात असेल तर मुंबई आणि लंडनवर दोरा ताणून धरा, दोरा आपोआप त्या वाटेवर बसतो. दोऱ्याची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा, विषुववृत्ताचा पूर्ण घेर त्याच दोऱ्याने मोजा, पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा आणि ४०,०७५ ने (विषुववृत्ताचा किलोमीटरमधला खरा घेर) गुणा. हाताने मोजलेलं हे अंतर साधारण शंभर-दोनशे किलोमीटर इकडेतिकडे येतं. अंदाजासाठी तेवढं पुरतं.

नेमका आकडा हवा असेल तर मोबाइलमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर उघडा. आधी विमानतळांचे अक्षांश-रेखांश लागतील:

मुंबई (छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ): १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व.
लंडन (हीथ्रो): ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम.

पूर्व रेखांश अधिक चिन्हाने आणि पश्चिम रेखांश उणे चिन्हाने घ्या. रेखांशांतला फरक मग ७२.८७ − (−०.४५) = ७३.३२ अंश होतो. आता:

पहिला गुणाकार: साइन १९.०९ × साइन ५१.४७ = ०.३२७१ × ०.७८२३ = ०.२५५८
दुसरा गुणाकार: कोसाइन १९.०९ × कोसाइन ५१.४७ × कोसाइन ७३.३२ = ०.९४५० × ०.६२२९ × ०.२८७० = ०.१६९०
बेरीज: ०.४२४८

या बेरजेचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) घ्या. उत्तर येतं ६४.८६ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, म्हणून ६४.८६ × १११.२ = सुमारे ७,२१२ किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे आणि आपण ती पूर्ण गोल धरली आहे, पण त्यामुळे येणारी चूक अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. विमानाच्या वेळेवर त्याचा काही परिणाम होत नाही.

इथे चुका ठरावीक ठिकाणी होतात. कॅल्क्युलेटर डिग्रीऐवजी रेडियनवर असेल तर पहिल्याच पायरीला भलतंच उत्तर येतं. साइन ३० बरोबर ०.५ येतंय का हे आधी पाहून घ्या. एक्सेलमध्ये करत असाल तर तिथे कोन रेडियनमध्येच द्यावा लागतो, म्हणजे अंशांना ५७.२९५८ ने भागून. दुसरी चूक अंश आणि मिनिटांची. नकाशात हीथ्रो ५१ अंश २८ मिनिटं असं दिसतं. ते ५१.२८ होत नाही, २८ ला ६० ने भागून ५१.४७ होतं. तिसरी चूक पश्चिमेचं उणे चिन्ह विसरण्याची. लंडन शून्य रेखांशाला इतकं चिकटून आहे की तिथे जेमतेम ६० किलोमीटरचा फरक पडतो आणि चूक लक्षातही येत नाही. न्यूयॉर्कला मात्र हीच चूक केली तर ते शहर मुंबईपासून २,४०० किलोमीटरवर येऊन बसतं. म्हणून चिन्हाची सवय लंडनपासूनच लावा.

एककांकडेही लक्ष असू द्या. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रण सागरी मैल वापरतात (१ सागरी मैल = १.८५२ किलोमीटर), तर वेबसाइटींवर बहुधा साधा मैल असतो (१.६०९ किलोमीटर). मुंबई–लंडन ३,८९० सागरी मैल असेल आणि तुम्ही ते साधे मैल समजून किलोमीटर केलेत, तर जवळपास साडेनऊशे किलोमीटर गायब होतात.

विमान खरोखर कुठून जातं

भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबईहून लंडनला पट्टीने रेघ ओढली तर ती अरबी समुद्र, इराणचं आखात, तुर्कस्तान आणि बाल्कन देश अशी जाते. त्या रेघेवरून प्रवास केला तर अंतर ७,४१० किलोमीटर भरतं, म्हणजे दोनशे किलोमीटर जास्त. दोऱ्याची वाट तिच्या उत्तरेकडून जाते: कराचीजवळून इराणमध्ये, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण भागावरून अझरबैजान, मग काळ्या समुद्राकाठचं सोची, युक्रेन, पोलंडचा दक्षिण काठ, प्रागच्या आसपास, जर्मनी आणि लंडन.

ही यादी वाचली की अडचण कळते. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. ब्रिटनच्या विमानांना रशियाने त्याच महिन्यात आपली हद्द बंद केली. पाकिस्तानने भारतीय विमानांना एप्रिल २०२५ मध्ये हद्द बंद केली. तसं याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारी अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत झालं होतं. जून २०२५ मध्ये इराण आणि इराकवरची वाहतूकही थांबली होती. म्हणून मुंबईहून निघालेलं भारतीय कंपनीचं विमान आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला सरकतं आणि मग वायव्येला वळतं. त्याच दिवशी निघालेलं परदेशी कंपनीचं विमान पाकिस्तानवरून जाऊ शकतं. एकाच मार्गावरच्या दोन कंपन्यांच्या वेळांत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक दिसला तर त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. तिकीट काढताना विमानाचा वेग ताडून बघण्यापेक्षा त्या महिन्यात कोणती हद्द कोणाला बंद आहे, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

हिशेबासाठी सोपा नियम असा. आकाश मोकळं असेल तर सरळ अंतरात ३ ते ५ टक्के मिळवा. हवाई मार्ग ठरलेले असतात, उतरताना आणि चढताना धावपट्टीच्या दिशेला वळावं लागतं, वादळं टाळावी लागतात. एवढ्यात ते सगळं येतं. मोठा वळसा असेल तर ८ ते १० टक्के धरा. आपण ५ टक्के धरू: ७,२१२ × १.०५ = ७,५७३ किलोमीटर. कालच्या विमानाची खरी वाट पाहायची तर फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर विमानाचा क्रमांक टाकला की ती नकाशावर उमटते. वळसा किती आहे ते त्यावरून डोळ्यांनीच कळतं.

वेग आणि वारा

लांब पल्ल्याची विमानं अकरा-बारा किलोमीटर उंचीवरून उडतात. तिथे तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं आणि आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर. बोइंग ७८७ त्या वेगाच्या ०.८५ पटीने जातं, म्हणजे ताशी ९००. बोइंग ७७७ थोडं कमी, ०.८४. देशांतर्गत फेऱ्यांवरचं एअरबस ए३२० साधारण ०.७८, म्हणजे ताशी ८२५ ते ८३०. कॉम्प्युटरवरचे कित्येक हिशेबक सरसकट ताशी ८०० किंवा ९०० धरून भागाकार करतात आणि वारा सोडून देतात. लांबच्या प्रवासात सर्वात मोठी चूक तिथेच होते.

हे ९०० भोवतालच्या हवेच्या तुलनेत आहेत. ती हवा स्वतःच वाहत असते. मध्यम अक्षांशांवर त्या उंचीला पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार झोत असतात. हिवाळ्यात ते उत्तर भारतापर्यंत खाली उतरतात आणि जोरही वाढतो. लंडनला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीमागून. वारा किती बळकट असू शकतो याचा अंदाज फेब्रुवारी २०२० मधल्या एका घटनेवरून यावा: सिआरा वादळाच्या वेळी न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं जंबो जेट ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. एरवी त्या प्रवासाला सहा-सात तास लागतात. पावसाळ्यात चित्र थोडं बदलतं. पश्चिमेकडचा झोत उत्तरेला सरकतो आणि द्वीपकल्पावर खूप उंचीवर पूर्वेकडून वाहणारा झोत तयार होतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये जाण्या-येण्याच्या वेळांतला फरक कमी होतो.

हा फरक पृथ्वीच्या फिरण्यामुळे पडतो, असं अनेकदा सांगितलं जातं. ते खरं नाही. पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं. तसं नसतं तर विमान नुसतं हवेत थांबवूनही खालून शहरं सरकत गेली असती.

सरासरी म्हणून संपूर्ण वाटेवर ताशी ६० किलोमीटर वारा धरा. जानेवारीसाठी १००, जुलैसाठी ३०.

आता वेळ

वर चढताना आणि खाली उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं, त्यात सुमारे २० मिनिटं जातात. गेटपासून धावपट्टीपर्यंत १५ आणि उतरल्यावर गेटपर्यंत १० मिनिटं. एकूण ४५ मिनिटं वरून मिळवायची.

जाताना: ७,५७३ ÷ (९०० − ६०) = ९.०२ तास. वर ४५ मिनिटं. उत्तर ९ तास ४५ मिनिटं.
येताना: ७,५७३ ÷ (९०० + ६०) = ७.८९ तास. वर ४५ मिनिटं. उत्तर ८ तास ४० मिनिटं.

७.८९ तास म्हणजे ७ तास ८९ मिनिटं नव्हे. दशांशाला ६० ने गुणा: ०.८९ × ६० = ५३ मिनिटं. जानेवारीचा १०० चा वारा घातला तर जायला सव्वादहा तास लागतात आणि यायला सव्वाआठाच्या थोडा वर.

वेळापत्रकातला वेळ तुमच्या उत्तरापेक्षा पंधरा-वीस मिनिटं जास्त निघाला तर दचकू नका. कंपन्या गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा वेळ छापतात आणि त्यात राखीव मिनिटं ठेवतात. वैमानिक माइकवर सांगतो तो आकडा मात्र उड्डाणापासून उतरण्यापर्यंतचा, म्हणून तो नेहमी कमी वाटतो. मुंबईला दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत आणि संध्याकाळी रांग लागते. हीथ्रोवर सकाळी सहाच्या आधी मोजक्याच विमानांना उतरू देतात. वाऱ्याच्या कृपेने लवकर पोचलेलं विमान तिथे आकाशात घिरट्या घालतं आणि वाचलेली मिनिटं तिथेच संपतात.

जवळच्या प्रवासासाठी एवढा खटाटोप नको. सरळ अंतराला ८५० ने भागा, ४५ मिनिटं मिळवा. मुंबई–नागपूर ६८० किलोमीटर: ४८ मिनिटं अधिक ४५, म्हणजे दीड तास. मुंबई–दिल्ली १,१४० किलोमीटर: दोन तास पाच मिनिटं. दोन्ही छापील वेळांच्या जवळ येतात.

घड्याळ

भारताची वेळ वैश्विक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे आणि वर्षभर तीच राहते. लंडनची बदलते. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. म्हणून उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा, हिवाळ्यात साडेपाचाचा. विमान कंपन्यांची उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकंही याच रविवारी बदलतात. मार्चच्या अखेरीस जायचं आणि एप्रिलमध्ये परतायचं असेल तर दोन्ही बाजूंचा फरक वेगळा मोजावा लागतो.

रीत एकच लक्षात ठेवा: आधी सगळं भारतीय वेळेत करा, प्रवासाचा वेळ मिळवा आणि शेवटी फरक वजा करा. सोपं जावं म्हणून इथे सरासरी वाऱ्याचाच वेळ धरू. जानेवारीत मुंबईहून रात्री २:०० ला निघालं. त्यात ९:४५ मिळवले, सकाळचे ११:४५ झाले. साडेपाच तास वजा केले, लंडनला सकाळी ६:१५. परतताना उलट करा: लंडनहून रात्री ९:०० ला निघालं, ८:४० मिळवून पहाटेचे ५:४० लंडनवेळ, त्यात साडेपाच मिळवून मुंबईत दुसऱ्या दिवशी ११:१०. जुलैत हेच विमान १०:१० ला पोचेल. तिकिटावर उतरण्याच्या वेळेशेजारी +१ असेल तर तो दुसरा दिवस.

मध्यरात्रीनंतरच्या विमानांची तारीख फार जणांना फसवते. तिकिटावर १५ तारीख, ००:४० असेल तर घरातून १४ तारखेच्या संध्याकाळीच निघायचं. १५ च्या रात्री विमानतळावर पोचलेल्या माणसाचं विमान जवळजवळ चोवीस तास आधी गेलेलं असतं आणि बहुतेक तिकिटांवर त्याचे पैसे परत मिळत नाहीत. घरच्यांना तारीख सांगताना "चौदाची रात्र" असंच सांगा.

मध्ये बदलून जायचं असेल

मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–लंडन ५,५०० किलोमीटर, मिळून ७,४३०. सरळ वाटेपेक्षा फक्त तीन टक्के जास्त. तरीही एकूण वेळ सव्वातीन अधिक साडेसात असे पावणेअकरा तास हवेत आणि मध्ये तीन तास थांबा, म्हणजे पावणेचौदा होतो. चढणं, उतरणं आणि जमिनीवरून सरकणं दोनदा होतं, बाकी वेळ थांब्यात जातो. म्हणून बदलाच्या प्रवासात अंतर पाहू नका, थांबा पाहा. दीड तासाच्या आतला थांबा स्वस्त मिळाला तरी टाळलेला बरा. पहिलं विमान पाऊण तास उशिरा आलं की सुरक्षातपासणी आणि लांबचं गेट यातच दुसरं विमान जातं. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. वेगवेगळी तिकिटं असतील तर ती तुमची, सामानही पुन्हा स्वतःच चढवायचं आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. अशा वेळी चार-पाच तासांहून कमी थांबा ठेवू नका.

१९४८ च्या ८ जूनला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं तेव्हा कैरो आणि जिनिव्हाला थांबणं भागच होतं. आज तसं काही बंधन नाही, पण भाड्यातला फरक मोठा असेल तर थांबा घेणं शहाणपणाचं ठरतं. लहान मूल किंवा गुडघे दुखणारे आजी-आजोबा बरोबर असतील तर चार तास वाचवण्यासाठी थोडे जास्त पैसे जरूर मोजावेत.

घरापासून घरापर्यंत

पुण्याहून मुंबई विमानतळ रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर आहे. मोकळ्या रस्त्यावर तीन-साडेतीन तास, शुक्रवारी संध्याकाळी किंवा जुलैत घाटात दरड आली तर पाच-सहा. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचायचं. काउंटर विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतात, तुमच्या कंपनीची नेमकी वेळ तिकिटावर पाहा. हीथ्रोवर इमिग्रेशन आणि सामान यांना एक ते दोन तास. म्हणजे रात्री दोनच्या विमानासाठी पुण्याहून संध्याकाळी सहाला निघावं. जायचा सगळा वेळ: आठ तास, मग पावणेदहा, मग दीड आणि लंडनमधला एक. वीस तासांच्या थोडा वर. विमानातला वेळ त्यातला निम्माच.

विमानतळाचं नावही तपासा. नवी मुंबईचा विमानतळ वेगळा, सांताक्रूझचं जुनं टर्मिनल वेगळं आणि सहारचं वेगळं. लंडनलाही हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, लुटन असे अनेक विमानतळ आहेत आणि एकातून दुसऱ्यात जायला दोन-तीन तास सहज जातात.

न्यूयॉर्कसाठी हीच रीत

जेएफके विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. रेखांशांतला फरक १४६.६५ अंश. या कोनाचा कोसाइन उणे येतो, तो उणेच ठेवा. अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर. सरळ वाट सेंट पीटर्सबर्गजवळून नॉर्वेच्या पलीकडे ६५ अंश उत्तरेपर्यंत चढते आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकावरून अमेरिकेकडे उतरते. ५ टक्के मिळवून १३,१६०. समोरचा वारा ५० धरला तर जायला सव्वासोळा तास, मागचा ६० धरला तर यायला साडेचौदा. घड्याळांतला फरक हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाणाऱ्यांनी मार्चमधले ते दोन-तीन आठवडे दोन्ही शहरांचा फरक वेगवेगळा लिहून ठेवावा.